जांभळ्यातलं पांढरं

गोरक्ष महाले हा माणूस नोकरीत एकदाच चुकला, असं तो स्वतः सांगतो. त्याची बायको चंद्रभागा म्हणते, नोकरीतलं मला ठाऊक नाही, घरातलं विचारा. ते आपण विचारायला नको. कॉलेजपुरतं बोलायचं तर एकतीस वर्षांत एकच चूक, हे विभागातल्या सगळ्यांना मान्य आहे. पण ती एक अशी होती की बाकीची एकतीस वर्षं तिच्यापुढे उताणी पडली.

नाशिकच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र विभागात गोरक्ष प्रयोगशाळा परिचर होता. कागदावर परिचर, तोंडी मामा. पोरं मामा म्हणत, प्राध्यापक मामा म्हणत, आणि एकदा तपासणीला आलेले विद्यापीठाचे साहेबही दुपारच्या चहापर्यंत मामा म्हणायला लागले होते. मूळचा हरसूलकडचा. बारावीला गणितात अडकला, मग चुलत्याच्या ओळखीने इथे काचसामान धुवायला लागला. धुता धुता शिकला. आगर, म्हणजे जंतू वाढवायची जेली, किती गरम असताना ओतायचं हे तो बाटली गालाला लावून सांगायचा. झाकण किलकिलं करून नुसत्या वासावर जंतू ओळखायचा. एम.एस्सी.ची पोरं आधी त्याला विचारत आणि मग पुस्तक उघडत. याचा त्याला गर्व होता, आणि तो लपवायची तसदी त्याने कधी घेतली नाही.

सकाळी आठला तो विभाग उघडायचा. इन्क्युबेटरला तो पेटी म्हणायचा, आणि पेटीची किल्ली त्याच्या करगोट्याला असायची. जंतू वाढवायला पोरांनी आदल्या दिवशी आत ठेवलेल्या चपट्या काचेच्या प्लेट्स तो एकेक करून खिडकीच्या उजेडात धरायचा. चांगली प्लेट डावीकडे फळीवर, खराब प्लेट उजवीकडे बादलीत. बादली तिथून थेट ऑटोक्लेव्हमध्ये. तो मोठा कुकर वीस मिनिटांत आतल्या सगळ्याची वाट लावतो. नऊला पोरं येईपर्यंत खराब प्लेटचा मागमूसही उरत नसे. बुरशी आलेली प्लेट इकडेतिकडे राहिली की तिचं बी साऱ्या खोलीभर उडतं, म्हणून ही शिस्त. पोरगं विचारायचं, ‘मामा, माझी दुसरी प्लेट?’ मामा म्हणायचा, ‘खराब झाली, टाकली.’ पोरगं मान खाली घालून नवी प्लेट ओतायला लागायचं. ‘कशी खराब झाली’ हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

ही शिस्त बेदरकर सरांनी लावलेली. ते जुने विभागप्रमुख, आता हयात नाहीत. विभागाकडे मातीत-पाण्यात राहणारा एक जंतू होता, प्लेटवर वाढला की शाई सांडल्यासारखा जांभळा दिसणारा. नाव लांबलचक. गोरक्ष त्याला ‘जांभळी’ म्हणायचा. गोरक्षला लागून दोन वर्षं झाली असतील, तेव्हा एकदा ऐन प्रात्यक्षिक परीक्षेत हिचा रंग उडाला. साठ्यातच कुठेतरी पांढरी पैदास शिरली होती. रंगावरून जंतू ओळखा असा प्रश्न, आणि चाळीस पोरांच्या पुढ्यात चाळीस पांढऱ्या प्लेट्स. बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर सरांची अब्रू गेली. त्या संध्याकाळी त्यांनी गोरक्षला बोलावून सांगितलं, ‘जांभळ्यात पांढरं दिसलं की विचार करायचा नाही. टाकायचं.’

देवाने दिलेला मंत्र माणूस एखादवेळ विसरेल, पण पहिल्या साहेबाने दिलेला नाही. गोरक्षने त्यानंतर जांभळीचा रंग एकदाही उडू दिला नाही. दुसऱ्या कॉलेजांतून तिचं वाण मागायला माणसं येत.

आता निकिता आव्हाडबद्दल. सिन्नरची मुलगी, पीएच.डी.ला लागलेली, बोलायला चटपटीत आणि कामाला चिवट. आशा क्षत्रिय मॅडम तिच्या मार्गदर्शक. निकिताचा विषय ऐकून विभागातले अर्धे लोक हसले होते, कारण ती जंतू मारायला निघाली नव्हती. तिला त्यांचं बोलणं तोडायचं होतं.

हे तिने गोरक्षला एकदा चहा पिताना समजावलं. ‘मामा, रोगाचे जंतू थोडे असले ना, की गप्प असतात. विष सोडत नाहीत, काही नाही. फक्त प्रत्येक जण एक बारीकसं रसायन बाहेर टाकत राहतो. मी आहे, मी आहे, असं. ते रसायन साचलं की त्यांना कळतं, आपण पुष्कळ झालो. मग सगळे एकदम उठतात.’

‘आन तुला ते रसायनच बंद करायचं.’

‘बंद नाही करायचं, त्यांना ते कळू द्यायचं नाही. औषधाने मारायला गेलं की शंभरातले दोन चिवट उरतात आणि पुढे त्यांचीच पिलावळ माजते. मारलंच नाही, नुसतं बहिरं केलं, तर चिवट व्हायचं कारण कमी. आणि तोवर आपलं शरीर त्यांना बघून घेतं.’

गोरक्षने कप खाली ठेवला. मग म्हणाला, ‘म्हंजे आमचा बोहाडा.’

हरसूलकडे चैत्रात बोहाडा असतो. देवदैत्यांचे भलेमोठे मुखवटे चढवून माणसं नाचतात, आणि त्यांना नाचवतो तो संबळ. गोरक्षचा बाप संबळ वाजवायचा. ‘रावणाचं सोंग असू दे न्हाय तर कुणाचं,’ गोरक्षने सांगितलं, ‘दहा तोंडं लावून आला तरी संबळ वाजंस्तोवर पाय उचलत नाय. वाजवणारा थांबला की रावण आपला घामाघूम होऊन उभा. मग तो शेजारचा काळू भोये असतो.’

निकिताला हे इतकं आवडलं की तिने ते वहीत लिहून घेतलं. तिने शोधायला घेतलेल्या झाडपाल्यात हिरडा होता, म्हणून गोरक्ष हरसूलच्या बाजारातून निवडून निवडून बाळहिरडे घेऊन आला. कीड लागलेला एकही नव्हता. तिने ते कुटले, अर्क काढला, आणि जांभळीवर तपासायला घेतला. जांभळी सोयीची, कारण तिचा जांभळा रंग हाच तिचा गलका. पुष्कळ झाल्याचं कळल्याशिवाय ती रंग धरत नाही. बोलणं तुटलं तर जंतू वाढेल, पण पांढराच राहील.

हे शेवटचं वाक्य मात्र निकिताने गोरक्षला सांगितलं नाही. मामांना सगळं ठाऊक असतं, असं तिने धरलं होतं. आणि मामाला विचारायची सवय नव्हती. लोक त्याला विचारत, तो सांगे. एकतीस वर्षं उलट दिशेने काही गेलंच नव्हतं.

पहिल्यांदा तिने अर्क जाड वापरला. अर्काच्या थेंबाभोवती स्वच्छ, काचेसारखं गोल कडं उठलं. तिथले जंतू मेले होते. गोरक्षने त्या प्लेट्स मोठ्या प्रेमाने फळीवर मांडल्या. पण आशा मॅडम म्हणाल्या, ‘मारलेस. मारणारे पुष्कळ आहेत. पातळ कर.’ मग निकिताने अर्काच्या पायऱ्या केल्या. जाड, मध्यम, पातळ, अगदी पातळ, आणि प्रत्येकाच्या तीन तीन प्लेट्स.

तेव्हा महाशिवरात्र होती. आदल्या दिवशी तिने प्लेट्स पेटीत ठेवल्या, सुट्टीच्या दिवशी त्या आत राहिल्या, आणि त्यानंतरच्या सकाळी आठला गोरक्षने पेटी उघडली. जाड अर्काला स्वच्छ कडं होतं. पातळाला काहीच नव्हतं, सगळं जांभळं. मधल्या तीन प्लेट्सवर अर्काभोवती रुपयाएवढा गोल होता, साय धरल्यासारखा पांढुरका आणि गढूळ. जंतू तिथे होते, पण रंग नव्हता.

जांभळ्यात पांढरं. विचार करायचा नाही.

नऊला निकिता आली तेव्हा बादली कुकरमध्ये होती. ‘मधल्या तिन्ही खराब झाल्या, टाकल्या,’ गोरक्ष म्हणाला. तिचा चेहरा उतरलेला बघून त्याला वाईट वाटलं, आणि मॅडमपर्यंत गोष्ट जाऊ नये म्हणून त्याने त्या दिवशी नवं आगर स्वतःच ओतून दिलं. माणूस मनाने वाईट नव्हताच. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, इथे तर मामाने संन्याशाला फाशी देऊन वर त्याच्या आईला सांत्वनाचा चहा पाजला.

होळीच्या आधी पुन्हा तेच. पाडव्याच्या आधी पुन्हा तेच. दर वेळी मधल्याच प्लेट्स. आता आशा मॅडमनी लक्ष घातलं. ‘दर वेळी मध्यमच्याच कशा जातात?’ त्यांनी सगळ्यांदेखत निकिताला विचारलं. आणि उत्तरही दिलं, ‘पातळ करताना तुझा हात कुठेतरी लागतोय. त्या बाटलीत घाण जातेय. निर्जंतुक काम म्हणजे पहिली पायरी गं, निकिता. तीच येत नसेल तर पुढे काय करणार?’

त्या दुष्टपणाने बोलल्या नव्हत्या. पण सूक्ष्मजीवशास्त्रातल्या माणसाला तुझा हात स्वच्छ नाही म्हणणं, हे सुगरणीला मीठ कळत नाही म्हणण्यासारखं असतं. निकिता हातांना दिवसातून वीस-वीस वेळा स्पिरिट चोळायला लागली. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. चिरांना स्पिरिट झोंबायचं, तरी चोळायची. गोरक्षने तिला एकदा खोबरेल आणून दिलं. कारण मात्र त्याने विचारलं नाही.

पाडव्यानंतर तिने आशा मॅडमच्या टेबलावर काम सोडत असल्याचा अर्ज ठेवला. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका मसाला कारखान्यात तपासनिसाची जागा होती. एक तारखेपासून ती तिथे जाणार होती. निघताना गोरक्षच्या पाया पडली. ‘मामा, माझ्या हातात नाही हे काम,’ ती म्हणाली, आणि त्याने ‘असं नसतं पोरी’ असं काहीतरी मोघम म्हटलं. मनातून त्यालाही वाटत होतं की हाताला गुण लागतो, एकेकाला नसतो.

चार दिवसांनी विभागात पुण्याच्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान होतं. विषय हाच, जंतूंचं बोलणं तोडण्याचा. आशा मॅडमनी ते निकितासाठीच महिनाभर आधी ठरवलं होतं, आणि आता निकिताच नव्हती. गोरक्षकडे दोन कामं होती, चहा आणि दिवे. दिवे घालवून तो दाराशी उभा राहिला. पडद्यावर एक चित्र आलं.

जांभळी प्लेट. मधोमध गोल. साय धरल्यासारखं पांढुरकं, गढूळ.

‘हे बघा,’ पाहुणे म्हणाले, ‘हे आपल्याला हवंय. इथे जंतू मेलेला नाही. जिवंत आहे, वाढलाय, पण त्याला शेजाऱ्याचं काही ऐकू येत नाही. असं एक कडं मिळवायला आमच्याकडे दोन-दोन वर्षं गेली आहेत.’

गोरक्षच्या हातात रिकाम्या कपांचा ट्रे होता. तो त्याने आवाज न करता खाली ठेवला आणि मनात मोजलं. तीन आणि तीन आणि तीन. नऊ कडी त्याने स्वतःच्या हाताने शिजवून नाल्यात सोडली होती. बोहाड्याची गोष्ट फुशारकीने सांगणारा हाच माणूस. संबळ थांबला की रावण मरत नाही, नुसता उभा राहतो, हे याला लहानपणापासून ठाऊक. तो नुसता उभा राहिलेला रावण तीन वेळा समोर आला, आणि मामाने त्याला मढं समजून बादलीत टाकलं. हुशारीची ही एक गंमत असते, ती नेमकी लागते तेव्हा चहा आणायला गेलेली असते.

व्याख्यान संपलं. दिवे लागले. गोरक्ष ट्रे उचलून कप धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशीही त्याने कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी विभागात त्याच्या निरोपसमारंभाची चर्चा निघाली, कारण मे अखेरीस तो निवृत्त होणार होता. मानपत्र द्यायचं ठरलं. आशा मॅडमनी त्याच्यासमोरच मजकुराचं पहिलं वाक्य सुचवलं, ‘मामांच्या नजरेतून एकही प्लेट सुटली नाही.’ सगळे हसले, तोही हसला, आणि मग शौचालयात जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. त्याला लाज वाटत होती. भीतीही वाटत होती. पेन्शन कुणी काढून घेणार नव्हतं. पण एकतीस वर्षांत त्याने एकच वस्तू कमावली होती, ती म्हणजे ‘मामा सांगतात म्हणजे तसंच असणार’ हे वाक्य. बोललं की ते जाणार होतं.

पण न बोलावं, तर पोरगी जन्मभर हात घासत बसणार.

आठ दिवस त्याने असे काढले. जेवण कमी झालं, तेव्हा चंद्रभागाने विचारलं. ती नागलीचे पापड लाटत होती. त्याने सगळं सांगितलं. तिला जंतूंतलं फारसं कळत नव्हतं, पण नवऱ्यातलं कळत होतं.

‘मामंजींचं आठवतं का?’ ती लाटणं न थांबवता म्हणाली. ‘काळू भोयेच्या सोंगाचं?’

त्याला आठवत होतं. तो तेव्हा दहा वर्षांचा होता. बोहाड्यात काळू भोये रावण नाचत असताना बापाच्या संबळाचा एक ठोका चुकला. ठोका चुकला म्हणून काळूचा पाय चुकला, आणि तो दहा तोंडांसकट आडवा झाला. सारं गाव खो खो हसलं. वाजवणाऱ्याकडे कुणी बघितलंच नाही, पडणाऱ्यालाच हसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बाप उठला, संबळ गळ्यात अडकवला आणि पोराचं बोट धरून काळूच्या दारात गेला. दारात चार माणसं विडी ओढत बसली होती. त्यांच्यादेखत म्हणाला, ‘काळू, पाय तुझा चुकला नाय. काठी माझी चुकली.’ आणि परत आला. घरात कुणाला एक शब्द सांगितला नाही.

‘घरी बसून खाणं सोडलं म्हणून तिला काय कळनार हाय?’ चंद्रभागा म्हणाली. ‘दारात जावा तिच्या. पापड न्या संगती, रिकाम्या हातानं जाऊ नका.’

रविवारी तो ठक्कर बाजारच्या स्टँडवरून सिन्नरच्या एसटीत बसला. मांडीवर पापडांची पिशवी. काय बोलायचं ते त्याने मोहदरीचा घाट येईपर्यंत चार वेळा ठरवलं आणि चार वेळा मोडलं.

निकिताच्या घराच्या ओट्यावर तिची आई शेजारच्या दोन बायकांसोबत गहू निवडत बसली होती. गोरक्षला वाटलं, पोरीला बाजूला बोलवावं. मग वाटलं, नको. तिला हात धुता येत नाही हेही चारचौघांतच ठरलं होतं. निकिता पाणी घेऊन बाहेर आली. त्याने तांब्या हातात घेतला, पण प्यायला नाही.

‘निकिता, हात तुझा चुकला नाय,’ तो म्हणाला. ‘नजर माझी चुकली.’

बायकांनी गहू निवडणं थांबवलं.

त्याने सगळं सांगितलं. बेदरकर सर, जांभळ्यातलं पांढरं, बादली, व्याख्यानातलं चित्र. मध्ये कुठेही स्वतःला सवलत दिली नाही. निकिता दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. तो थांबल्यावर तिने विचारलं, ‘बुरशी नव्हती?’

‘नाय.’

‘मी विचारलं होतं मामा, बुरशी होती का म्हणून. दुसऱ्या वेळी.’

‘विचारलं होतंस. मी म्हनलो, खराब होत्या.’

‘पहिली कधी दिसली?’

‘शिवरात्र झाल्यावर. रुपयाएवढं कडं. तिन्हींवर सारखं.’

‘म्हणजे पहिल्याच खेपेला.’ ती खाली बसली. हाताच्या पेरांवरच्या चिरा अजून भरल्या नव्हत्या. मसाल्याच्या कारखान्यातही ती स्पिरिट चोळतच होती. ‘पहिल्याच खेपेला आलं होतं, आणि मी इतके दिवस रोज हात घासतेय. इथे आई भाकरी थापते तेव्हा मी पिठाला हात लावत नाही, मामा. मला वाटतं, नासेल.’

तिची आई हे पहिल्यांदाच ऐकत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

गोरक्षला रडू आलं. त्याने ते तांब्यातल्या पाण्यासोबत गिळलं.

‘मला आता तुमचा राग आलाय,’ निकिता म्हणाली. ‘चहा घेऊन जा. पण मी काही बोलणार नाही.’

ती उठली. आत गेली. चहा तिच्या आईने केला. पापडांची पिशवी ठेवून तो निघाला, आणि परतीच्या एसटीत त्याला आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा इतकी भूक लागली की घाट उतरल्यावर त्याने भेळ घेतली. याचीही त्याला थोडी लाजच वाटली.

सोमवारी त्याने आशा मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, ‘मामा, तुम्ही टाकल्यात, ते एक झालं. पण तीन वेळा मधल्याच प्लेट्स जातात, आणि मी एकदाही म्हटलं नाही की टाकण्याआधी मला दाखवा. मी सरळ पोरीच्या हातावर ठपका ठेवला.’ त्यांनी टेबलाचा खण उघडला. निकिताचा अर्ज अजून तिथेच होता. पुढे पाठवायचा राहून गेला होता, की त्यांनीच ठेवला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. ‘पण एक लक्षात घ्या. तुमच्या आठवणीवर शास्त्र चालत नाही. पुन्हा दिसायला हवं. तिच्या हातून, आणि तिन्ही प्लेट्सवर.’

ते गोरक्षलाही ठाऊक होतं. म्हातारा होत आलेला माणूस, खिडकीतला सकाळचा उजेड, दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. कडं आलंच नाही तर पोरीला दुसऱ्यांदा फसवल्यासारखं होणार होतं, आणि या वेळी आस लावून.

बुधवारी निकिताचा फोन आला. आवाज कोरडा होता. ‘अर्काच्या बाटल्या आहेत की त्याही टाकल्या?’

‘फ्रीजमधी हायेत. लेबलं तुझीच.’

‘शनिवारची सुट्टी घेतलीय.’

शनिवारी ती आली. गोरक्षने आगर ओतून ठेवलं होतं, त्यापलीकडे त्याने कशाला हात लावला नाही. तिने अर्क पातळ केला, प्लेट्स तयार केल्या. बोटं ज्योतीजवळ असताना एकदा अडखळली, तेव्हा तिने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. अकराच्या सुमारास प्लेट्स पेटीत गेल्या. ती मुक्कामाला नाशिकरोडला मावशीकडे गेली.

रविवारी कॉलेज बंद. तरी गोरक्ष आठला हजर होता. आशा मॅडम साडेनऊला आल्या, तर हा पेटीसमोर स्टुलावर बसलेला, किल्ली करगोट्यालाच.

‘उघडली नाहीत?’

‘नाय. ती येऊ द्या.’

‘बघून तरी ठेवायचं होतं.’

‘बघूनच तर झालं ना मॅडम सगळं,’ गोरक्ष म्हणाला.

अकराला निकिता आली. बस मिळाली नाही, रिक्षा करून आली होती. गोरक्षने करगोट्याची किल्ली सोडली आणि तिच्यापुढे धरली. एकतीस वर्षांत ती किल्ली दुसऱ्याच्या हातात पहिल्यांदाच जात होती.

निकिताने ती घेतली नाही. ‘तुम्हीच उघडा,’ ती म्हणाली. ‘रोज तुम्हीच उघडता.’

राग गेला होता की नव्हता, हे तिच्या आवाजावरून कळत नव्हतं. गोरक्षने पेटी उघडली. जाड अर्काची पहिली प्लेट त्याने उजेडात धरली. स्वच्छ कडं. पातळाची धरली. सगळी जांभळी. मग मधली घेतली आणि खिडकीकडे वळला.

रुपयाएवढा गोल. साय धरल्यासारखा पांढुरका, गढूळ. दुसरीवर तसाच. तिसरीवर तसाच.

तिसरी प्लेट हातात असताना त्याचा हात उजवीकडे गेला, बादलीच्या दिशेने. मुद्दाम नव्हे. एकतीस वर्षांचा हात तो, त्याला दुसरी वाट ठाऊक नव्हती. आशा मॅडम एक पाऊल पुढे आल्या. निकिता जागची हलली नाही, ओरडलीही नाही. नुसती बघत राहिली.

हात बादलीच्या वर येऊन थांबला. गोरक्षने ती प्लेट परत उजेडात धरली, बेदरकर सर गेल्यापासून कुठलीही प्लेट त्याने बघितली नसेल इतका वेळ बघितली, आणि मग ती निकिताच्या चिरा पडलेल्या हातांत दिली.

‘खराब नाय,’ तो म्हणाला.